उत्तर जुळते, गणित येत नाही

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावातून एका आईचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा मराठी माध्यमातून दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला आणि यंदा त्याने अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश घेतला. रसायनशास्त्रात वायूंच्या नियमांवरची गणिते गृहपाठाला दिली गेली आणि तिथे त्याचे घोडे पेंड खाऊ लागले. रात्री उशिरापर्यंत तो वहीपुढे बसतो, शेवटी प्रश्नाचा फोटो काढून मोबाइलवरून उत्तर मिळवतो आणि ते वहीत उतरवून काढतो. शेजारची अभियांत्रिकीला असलेली मुलगी कधी कधी गणिते सोडवून देते. वही पूर्ण असते, पण घटक चाचणीत २५ पैकी ७ गुण मिळाले. आई कला शाखेच्या पदवीधर आहेत आणि वडिलांचे दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे. कर्ज काढावे लागले तरी चालेल, पण शहरातल्या क्लासला घालू, असे वडील म्हणतात. आईंनी विचारले आहे की मोबाइलवरून उत्तर घेणे ही फसवणूक आहे का, मोबाइल काढून घ्यावा का, क्लास लावावा का, आणि घरात कोणालाच हा विषय कळत नसेल तर मदत करायची तरी कशी. पत्रासोबत त्यांनी मुलाच्या वहीतील दोन पानांचे फोटो पाठवले आहेत.

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी वाचले, पण वहीची पाने त्याहून अधिक वेळ पाहिली, आणि ती पाठवल्याबद्दल तुमचे आभार मानले पाहिजेत. ‘त्याला त्यातले काहीच येत नाही’ असे तुम्ही पत्रात लिहिले आहे. वही मात्र तसे सांगत नाही.

पहिल्या पानावरचे दुसरे गणित पाहा. एका वायूचे आकारमान २७ अंश सेल्सिअसला २.५ लिटर आहे. दाब तोच ठेवून तापमान १२७ अंश केले तर आकारमान किती होईल, असा प्रश्न आहे. तुमच्या मुलाने पेन्सिलीने २.५ ला १२७ ने गुणले, २७ ने भागले आणि ११.७६ लिटर असे उत्तर काढले. पुस्तकात ३.३३ लिटर छापलेले पाहून त्याने ते सगळे खोडून टाकले, तेही इतक्या जोराने की कागद फाटायला आला आहे. त्याच्याखाली निळ्या शाईत, एकही खाडाखोड नसलेले, इंग्रजीतले संपूर्ण उत्तर आहे, आणि ते कुठून आले हे तुम्हाला ठाऊकच आहे.

मला त्या निळ्या उत्तरापेक्षा खोडलेल्या ओळी महत्त्वाच्या वाटतात. दाब स्थिर आहे म्हणजे चार्ल्सचा नियम लावायचा, हे त्याने स्वतः ओळखले. तापमान आणि आकारमान सम प्रमाणात बदलतात, हे त्याने योग्य रीतीने मांडले. गुणाकार आणि भागाकार बिनचूक आहेत. राहिले ते एवढेच, की तापमान आधी केल्विनमध्ये न्यायचे होते. २७ मध्ये २७३ मिळवले की ३०० होतात, १२७ मध्ये मिळवले की ४०० होतात, आणि २.५ गुणिले ४०० भागिले ३०० केले की ३.३३ येतात. ज्या मुलाला ‘काहीच येत नाही’ असे घरात सगळे धरून चालले आहेत, त्याची एका ओळीची चूक झाली होती.

निळ्या शाईतल्या उत्तरात ‘२७ अधिक २७३’ ही ओळ आहे आणि ती त्याने स्वतःच्या हाताने लिहिली आहे. तरीही आपले चुकले ते नेमके इथेच, हे त्याच्या लक्षात आले नाही, कारण खोडलेले आणि उतरवलेले असे दोन्ही शेजारी ठेवून त्याने पाहिलेच नाही. त्यामुळे पुढच्या पानावर सहाव्या गणितात तो पुन्हा सेल्सिअसचेच आकडे घेऊन बसला आहे आणि पुन्हा खाडाखोड, पुन्हा निळी शाई असा प्रकार झाला आहे. चाचणीत मोबाइल जवळ नव्हता, चूक मात्र जशीच्या तशी सोबत होती.

म्हणून मोबाइलवरून उत्तर घेणे ही फसवणूक आहे का, या तुमच्या प्रश्नाकडे मी थोडे वेगळ्या बाजूने पाहतो. मदत मागणे यात अप्रामाणिक काही नाही, आणि ही भावना मुलाच्या मनात रुजू देऊ नका, कारण ती रुजली की तो लपूनछपून मदत घेईल. ज्या नियमांवर तो अडला आहे, त्या नियमांचा इतिहासच मुळात मदत घेण्याचा आणि ती मोकळेपणाने सांगण्याचा आहे. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये इंग्रजी जे अक्षराच्या आकाराच्या काचेच्या नळीत पारा ओतून दाब आणि आकारमान यांची मोजमापे प्रसिद्ध केली. पण ही दोन्ही व्यस्त प्रमाणात असावीत ही कल्पना रिचर्ड टाउनली यांनी सुचवली होती, हे त्यांनी स्वतः नमूद केले. पुढे १८०२ मध्ये गे-ल्युसॅक यांनी तापमान आणि आकारमान यांचा संबंध मांडला, तेव्हा सुमारे १५ वर्षांपूर्वी झाक चार्ल्स यांनी असेच प्रयोग केले होते आणि ते छापले नव्हते, हेही त्यांनी लिहून ठेवले. आज आपण त्या नियमाला चार्ल्सचे नाव देतो ते त्यामुळे. या दोघांनी मदत घेतली, पण मोजमाप आणि हिशेब स्वतः केला. तुमच्या मुलाच्या बाबतीत हा दुसरा भाग सुटला आहे, म्हणून नुकसान होत आहे. मदत घेतल्याने नव्हे.

यापुढचा भाग तुम्ही त्यालाच वाचायला द्यावा, असे मला वाटते.

सेल्सिअसमध्ये गणित का जुळत नाही, याचे कारण कळले की २७३ मिळवणे पाठ करावे लागत नाही. सेल्सिअसचे शून्य म्हणजे पाणी गोठण्याचे तापमान. ती माणसाने सोयीसाठी केलेली खूण आहे. वायूला तिचे काही देणेघेणे नाही. दाब स्थिर ठेवला तर शून्य अंशाला वायूचे जेवढे आकारमान असते, त्याच्या सुमारे २७३व्या भागाने ते दर अंशाला वाढते किंवा घटते. हाच हिशेब उलट दिशेने नेला तर उणे २७३ अंशांच्या आसपास आकारमान शून्यावर येते. प्रत्यक्षात वायूचा त्याआधीच द्रव होतो, पण वायूच्या दृष्टीने मोजणी कुठून सुरू होते ते या हिशेबातून समजते. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानाची मोजपट्टी सुचवली, आणि आज आपण त्या मोजपट्टीचे शून्य उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला धरतो. एक अंशाचा वायू दोन अंशांवर नेला तर तो दुप्पट फुगत नाही, कारण तो २७४ वरून फक्त २७५ वर गेलेला असतो.

आता ११.७६ या उत्तराकडे पुन्हा पाहा. मूळ आकारमान २.५ लिटर होते, म्हणजे या उत्तराप्रमाणे ते जवळजवळ पावणेपाच पट झाले. साध्या खोलीच्या तापमानाची हवा उकळत्या पाण्याहून थोडी अधिक तापवली, तर ती पावणेपाच पट फुगेल का? हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला असता, तर पुस्तकाचे शेवटचे पान उलटण्याआधीच त्याला शंका आली असती. म्हणून प्रत्येक गणित सोडवण्याआधी, आकडेमोड न करता, उत्तर वाढेल की घटेल आणि साधारण किती, हे एका ओळीत मराठीत लिहायचे, अशी सवय लावा. ‘दाब तोच, तापमान वाढते आहे, ३०० चे ४०० म्हणजे एकतृतीयांशाने, तर आकारमानही तेवढेच वाढेल’, एवढी ओळ पुरे.

दुसऱ्या पानावरच्या आठव्या गणितात वेगळीच अडचण आहे आणि ती अकरावीच्या पुष्कळ मुलांना येते. अर्धा मोल वायू (मोल हे पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक), तापमान २७ अंश, दाब १०० किलोपास्कल. आकारमान काढायचे आहे. इथे त्याने ३०० केल्विन घेतले आहेत, म्हणजे ती गोष्ट एव्हाना अंगवळणी पडू लागली आहे. पी व्ही बरोबर एन आर टी, म्हणजे दाब गुणिले आकारमान बरोबर मोलची संख्या गुणिले आर हा स्थिरांक गुणिले केल्विनमधले तापमान, हे सूत्रही बरोबर लिहिले आहे. पण आर या स्थिरांकाची किंमत त्याने ०.०८२१ घेतली आणि उत्तर ०.१२३ लिटर आले. ०.०८२१ ही किंमत दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये असेल तेव्हाची आहे. दाब किलोपास्कलमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये असेल तर ८.३१४ घ्यायचे, म्हणजे १२.४७ लिटर येतात. एक ॲटमॉस्फिअर म्हणजे १०१.३२५ किलोपास्कल, हे लक्षात ठेवले तर कोणत्याही एककातून दुसऱ्या एककात जाता येते. शिवाय इथेही अंदाज कामाला आला असता. एक मोल वायू शून्य अंशाला आणि एक ॲटमॉस्फिअर दाबाला २२.४ लिटर जागा व्यापतो, तर अर्धा मोल खोलीच्या तापमानाला ११ लिटरहून थोडा जास्तच भरायला हवा, ०.१२३ लिटर म्हणजे जेमतेम कपभर चहाएवढे आकारमान झाले.

याच संदर्भात एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिच्यामुळे हुशार मुलेही विनाकारण हिरमुसतात. जुन्या गाइडमध्ये २२.४ लिटर असते आणि काही नव्या पुस्तकांत २२.७ लिटर दिसते. यातले कोणतेच चूक नाही. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब एक ॲटमॉस्फिअरऐवजी एक बार, म्हणजे १०० किलोपास्कल, असा ठरवला. त्यामुळे हा आकडा थोडा वाढला. उत्तर एवढ्याशा फरकाने जुळत नसेल, तर मुलाने आपले गणित खोडू नये. आधी आपल्या पुस्तकात कोणता प्रमाण दाब धरला आहे ते पाहावे.

आता मोबाइलविषयी. तो काढून घ्या असे मी सांगणार नाही, कारण मोबाइल गेला तरी अडलेले गणित अडलेलेच राहील आणि घरात भांडण मात्र सुरू होईल. त्याऐवजी मोबाइलकडे काय मागायचे ते बदला. आधी गणित स्वतः सोडवायचे, निदान वीस-पंचवीस मिनिटे त्याच्याशी झटापट करायची, आणि जिथे अडले तिथपर्यंतचे लिखाण न खोडता तसेच ठेवायचे. मग मोबाइलवर फक्त प्रश्नाचा फोटो न पाठवता आपले लिखाणही पाठवायचे आणि विचारायचे की, ‘माझी पहिली चूक कोणत्या ओळीत आहे तेवढे सांगा, पुढे सोडवू नका.’ चूक कळली की मोबाइल पालथा ठेवून गणित पहिल्यापासून पुन्हा करायचे. दुसऱ्या दिवशी तेच गणित आकडे बदलून करायचे, उदाहरणार्थ २.५ लिटरऐवजी ४ लिटर आणि १२७ ऐवजी २२७ अंश घेतले तर उत्तर ६.६७ लिटर यायला हवे. ते आले तर गणित त्याचे झाले, असे समजायला हरकत नाही. मोबाइलवरचे उत्तर नेहमी बरोबरच असते, असेही त्याने मानू नये. फोटोतला २.५ हा आकडा २५ असा वाचला जाणे, किंवा दाबाच्या एककाशी न जुळणारी आरची किंमत घेतली जाणे, हे तिथेही घडते.

शेजारच्या मुलीची मदत ही तुम्हाला लाभलेली मोठी गोष्ट आहे, ती तोडू नका. तिला फक्त एक विनंती करा की पेन तिच्या हातात नसावे. तिने बोलावे, विचारावे, ‘इथे दाब स्थिर आहे हे कशावरून?’ असे टोकावे. लिहायचे मात्र तुमच्या मुलाने. अभियांत्रिकीच्या मुलांचा हात इतका बसलेला असतो की चार पायऱ्यांचे गणित ती दोन ओळींत संपवतात, आणि समोरचा मुलगा मान डोलावत राहतो. मान डोलावणे आणि समजणे यांत फार अंतर आहे.

यानंतर तुमचा शेवटचा प्रश्न, ज्यात ‘घरात कोणालाच हा विषय कळत नाही’ असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला हे गृहीतक मान्य नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण तुम्ही स्वतः आहात. गणित सोडवायला रसायनशास्त्र लागते, पण गणित नीट वाचायला ते लागत नाही, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे वायूंच्या नियमांच्या गणितांत बरीचशी गडबड वाचण्यातच होते. तुम्ही त्याच्याजवळ बसा, त्याला प्रश्न मोठ्याने वाचून मराठीत सांगायला लावा आणि विचारा: यात काय काय दिले आहे, यातले काय बदलत नाही, आणि आपल्याला काय काढायचे आहे? मधल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की नियम कोणता लावायचा ते जवळपास ठरतेच. तापमान स्थिर असेल तर बॉइलचा, दाब स्थिर असेल तर चार्ल्सचा, आकारमान स्थिर असेल तर गे-ल्युसॅकचा, आणि मोलची संख्या दिली असेल तर पी व्ही बरोबर एन आर टी. तुम्हाला उत्तर माहीत नाही, हे इथे तुमच्या पथ्यावरच पडते. ज्याला उत्तर माहीत असते तो अधीर होऊन सांगून टाकतो. तुम्ही खरोखर समजून घेण्यासाठी विचाराल आणि मुलाला तुम्हाला समजेपर्यंत सांगावे लागेल. ‘केल्विन कशासाठी?’ हे तो तुम्हाला पटेल असे सांगू शकला, तर ती चूक चाचणीत पुन्हा होणार नाही.

त्याच्या भाषेच्या अडचणीलाही यातून वाट मिळेल. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलासमोर अकरावीत सगळे शास्त्र एकदम इंग्रजीत येते, तेव्हा पुष्कळदा अडते ते वाक्य, आणि मूल समजते की विज्ञानच अडले. वहीच्या मागच्या पानावर या प्रकरणात पुन्हा पुन्हा येणारे दहा-पंधरा शब्द त्याला लिहून काढू द्या. इनिशियल म्हणजे सुरुवातीचे, ऑक्युपाय म्हणजे जागा व्यापणे, आयसोथर्मल म्हणजे तापमान न बदलता, रिजिड म्हणजे ज्याचे आकारमान बदलत नाही असे भांडे. रिजिड हा शब्द कळला नाही, तर आकारमान स्थिर आहे ही गणितातली सगळ्यात महत्त्वाची माहितीच हातातून निसटते.

दुसरे कारण तुमचे यजमान. ते दुचाकींचे दुकान चालवतात, म्हणजे दाब आणि तापमान या गोष्टी रोज त्यांच्या हाताखालून जातात, आणि तरीही ‘मला यातले काय कळते’ असे ते म्हणतात, हे वाचून मला वाईट वाटले. टायरमधली हवा सकाळी, गाडी फार न चालवता, टायर थंड असताना तपासावी, हे ते गिऱ्हाइकांना सांगत असतील. का, हे त्यांच्या मुलाने गणित मांडून दाखवावे. सकाळी २७ अंशांना गेजवर ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाखवले आणि दुपारी तापलेल्या डांबरी रस्त्यावर धावून टायरमधली हवा ५७ अंशांवर गेली, तर गेजवर किती दिसेल? टायरचे आकारमान जवळपास बदलत नाही असे धरू. तापमान ३०० केल्विनवरून ३३० केल्विन झाले, म्हणजे दाब १.१ पट झाला. पण इथे एक मेख आहे: गेज बाहेरच्या हवेच्या वर किती दाब आहे तेवढेच दाखवतो. टायर पंक्चर होऊन बसला की गेज शून्य दाखवतो, तरी आत हवा असतेच आणि तिचा दाब बाहेरच्या हवेइतका, म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे १४.७ पीएसआय असतो. म्हणून खरा दाब ३२ अधिक १४.७, म्हणजे ४६.७. त्याला १.१ ने गुणले की ५१.४ येतात, आणि त्यातून १४.७ वजा केले की दुपारी गेजवर ३६.७ पीएसआय दिसायला हवेत. हवा कुणीही भरलेली नसताना साडेचार पीएसआयपेक्षा अधिक वाढ! दुपारच्या गरम टायरमधली ही ‘जास्तीची’ हवा सोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर नरम लागतो.

गेजच्या आकड्यात बाहेरच्या हवेचा दाब मिळवणे, हीच गोष्ट बॉइल यांनाही करावी लागली होती. त्यांच्या नळीतल्या पाऱ्याच्या उंचीत वातावरणाच्या दाबाएवढ्या पाऱ्याची उंची, म्हणजे सुमारे २९ इंच, मिळवल्यावरच दाब आणि आकारमान यांचे व्यस्त प्रमाण जुळून आले. बाप-लेकांनी दुकानात एखाद्या रविवारी गेज घेऊन सकाळ-दुपारचे आकडे टिपावेत. आकडे गणिताशी तंतोतंत जुळणार नाहीत, कारण टायरच्या आतल्या हवेचे तापमान आपल्याला नेमके मोजता येत नाही. पण वाढ दिसेल, आणि ती का होते ते मुलगा वडिलांना सांगू शकेल. घरी करण्यासारखा दुसरा प्रयोग म्हणजे औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज आणून, दट्ट्या १० वर ओढून, तोंड बोटाने घट्ट बंद करून दट्ट्या ५ वर दाबून पाहणे. आकारमान निम्मे करताना अंगठ्याला लागणारा जोर हाच बॉइलचा नियम आहे. झाकण बंद असलेला कोणताही डबा किंवा बाटली विस्तवावर तापवू नये आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरवर तर कोणताच प्रयोग करू नये, हे त्याला बजावून सांगा.

महाविद्यालयातल्या शिक्षकांना विचारायला तो लाजतो, असे तुम्ही लिहिले आहे. त्यामागे इंग्रजीची भीती असणार आणि सगळ्यांसमोर हसे होण्याची भीतीही असणार. वर्गात हात वर करण्याची सक्ती करू नका. तास संपल्यावर वही घेऊन जाऊ द्या आणि मराठीतच विचारू द्या. पण जाताना प्रश्न तयार हवा. ‘सर, हे गणित येत नाही’ असे म्हटले की शिक्षक सगळे गणित फळ्यावर सोडवून दाखवतात आणि मूल पुन्हा उतरवून घेते. ‘सर, मी २.५ गुणिले १२७ भागिले २७ केले, उत्तर ११.७६ आले, पुस्तकात ३.३३ आहे, माझे कुठे चुकले?’ असे विचारले की शिक्षकाला दोन मिनिटांत नेमकी जागा दिसते, आणि समोरच्या मुलाने खटपट केली आहे हेही दिसते. असा प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला परतवून लावणारा शिक्षक विरळाच. उलट, केवळ वही पूर्ण आहे की नाही हे पाहून सही करण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी पडली आहे, तिनेच मुलांना उतरवून काढायला शिकवले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खोडलेले गणित वहीत ठेवणाऱ्या मुलाला शिक्षकांनी शाबासकी द्यावी, अशी माझी शिक्षकांनाही विनंती आहे.

राहिला क्लास. या प्रकरणापुरता तरी तो लागेल असे मला पानांवरून दिसत नाही. पण एक गोष्ट आधी तपासून पाहा. त्याला कोरे गणित द्या: एका संख्येला ४०० ने भागले तर जे येते, तेच २.५ ला ३०० ने भागल्यावर येते, तर ती संख्या कोणती? हे त्याला सहज जमले, तर त्याचे गणित पक्के आहे आणि त्याला सरावाची गरज आहे. यातच तो चाचपडला, तर त्याला रसायनशास्त्राचा महागडा क्लास नको, आठवी-नववीतले गुणोत्तर आणि प्रमाण पुन्हा शिकायला हवे. ते गावातला गणिताचा कोणताही चांगला शिक्षक करून देईल. सरावासाठी राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात, त्यामुळे बारावीची पुस्तकेही आत्ताच चाळून पाहता येतील. ती चाळायला मी मुद्दाम सांगतो आहे, कारण बारावीच्या भौतिकशास्त्रात वायूंचा गतिज सिद्धांत येतो, रसायनशास्त्रात परासरणीय दाब आणि ऊष्मागतिकी येते, आणि या सगळ्या ठिकाणी तोच आर आणि तेच केल्विन पुन्हा भेटतात. आत्ता कच्चे राहिले तर तिथेही अडेल, म्हणून हे प्रकरण घाईने मागे टाकू नका.

पुढच्या चाचणीची उत्तरपत्रिका हातात आली की गुण किती यापेक्षा ते कुठे गेले ते त्याच्यासोबत बसून पाहा. प्रश्न समजला नाही म्हणून गेले, एकक चुकले म्हणून गेले, की वेळ पुरला नाही म्हणून गेले, याची तो स्वतः तीन रकान्यांत नोंद करील. एकक आणि वेळ या दोन रकान्यांत बहुतेक गुण गेलेले असतील, तर घरचा सरावच चालू ठेवा. विषयच समजत नाही असे अनेक प्रकरणांत दिसू लागले, महाविद्यालयात तास नियमित होत नसतील आणि विचारायला खरोखर कोणी नसेल, तर क्लासचा विचार जरूर करा. तेव्हाही शहरात रोज जाण्यायेण्यात किती तास जातील ते मोजा, एका तुकडीत किती मुले बसतात ते विचारा, आणि तिथले शिक्षक मुलाची वही उघडून पाहतात का, हे आधी शिकलेल्या एखाद्या मुलाकडून जाणून घ्या. कर्ज काढून वर्षाचे शुल्क एकरकमी भरण्याची मात्र घाई करू नका. एका महिन्यापुरते किंवा एका विषयापुरते शुल्क घेणारे शिक्षक तुमच्या तालुक्यातही मिळतील, आणि त्यांच्याकडे जाताना मुलाने वही सोबत न्यावी.